धडक देऊन पळालेली गाडी शोधायची, तर इशारा कोणाला द्यायचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गावर पहाटेच्या वेळी एका मोटारीने आपल्या मेहुण्यांना धडक दिली आणि चालक न थांबता ठाण्याच्या दिशेने पसार झाला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे आणि सीसीटीव्ही चित्रण तपासले जात आहे, परंतु गाडीचा पूर्ण क्रमांक कोणालाही वाचता आलेला नाही. अमेरिकेतील काही राज्यांत अशा प्रसंगी महामार्गावरील फलकांवर, रेडिओवर आणि दूरचित्रवाणीवर तातडीने इशारा दिला जातो, तशी व्यवस्था मुंबईत आली तर उपयोग होईल का आणि तोवर कुटुंबाने काय करावे, असे आपण विचारले आहे. मुंबई पोलीस दलात अपघातांच्या तपासाचे काम मी निवृत्तीपर्यंत केले, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते.

उपयोग निश्चित होईल. मात्र इशारा किती लाख लोकांपर्यंत पोहोचला याला फारसे महत्त्व नाही. तो किती लवकर निघाला, त्यात गाडीचे वर्णन किती नेमके होते आणि तो कोणाच्या हाती पडला, यावर त्याचे यश ठरते. मुंबईसारख्या शहरात पळून जाणारी गाडी धावताना ओळखणे फार कठीण असते, पण तीच गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी फुटलेल्या दिव्यासह कुठेतरी उभी असते आणि ती उभी असलेली पाहणारी माणसे ठरलेली असतात. इशाऱ्याची रचना या माणसांना डोळ्यासमोर ठेवून झाली पाहिजे, हे माझे ठाम मत आहे.

प्रथम वेळेविषयी. धडक देऊन पळणाऱ्यांपैकी अनेकजण घाबरून पळतात, पण काहीजण मद्यप्राशन केलेले असल्यामुळे पळतात आणि वेळ काढणे हाच त्यांचा बचाव असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असेल तर तो गुन्हा ठरतो. शरीर साधारणपणे तासाला १५ ते २० मिलीग्रॅम या गतीने अल्कोहोल कमी करत जाते, म्हणजे धडकेच्या वेळी ज्याच्या रक्तात १२० मिलीग्रॅम होते तो पाच-सहा तासांत मर्यादेच्या आत येतो. त्यानंतर तो स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर झाला तरी रक्तचाचणीचा उपयोग राहत नाही आणि मग बारमधील बिल, तेथील चित्रण, सोबत असलेल्यांचे जबाब अशा दुय्यम पुराव्यावर सगळी भिस्त ठेवावी लागते. दुसरीकडे गाडीचा बंपर आणि बॉनेट एक-दोन दिवसांत बदलून होते. दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर भरले की जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढते. काही ठिकाणी ही मुदत महिन्याची असते, पण लहान दुकानांत आठवड्याभरातही जुने चित्रण गेलेले मी पाहिले आहे. पुराव्याचा प्रत्येक धागा अशा रीतीने तासागणिक विरळ होत जातो.

या प्रश्नाचा आवाका लहान नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३० हजारांहून अधिक माणसांचा जीव घेणारे वाहन घटनास्थळावरून निघून गेलेले होते. यांतील प्रत्येक प्रकरणात जनतेला इशारा देता येणार नाही आणि देऊही नये. याचे कारण अमेरिकेच्या अनुभवातून स्पष्ट होते.

अमेरिकेत जनतेला सावध करून शोध घेण्याची पद्धत मुलांच्या अपहरणापासून रुजली. टेक्सासमध्ये १९९६ साली एका लहान मुलीचे अपहरण होऊन तिचा खून झाला, त्यानंतर तेथील रेडिओ केंद्रे आणि पोलीस यांनी मिळून उभी केलेली व्यवस्था पुढे देशभर पसरली. धडक देऊन पळणाऱ्यांसाठी तशीच व्यवस्था डेन्व्हर शहराने २०१२ मध्ये सुरू केली. आदल्या वर्षी तेथे होझे मेडिना या तरुणाला धडक देऊन चालक पळाला होता आणि एका टॅक्सीचालकाने त्या गाडीच्या मागे जाऊन तिचा क्रमांक पोलिसांना दिल्यामुळे तो सापडला होता. मेडिनाचे नाव दिलेली ही व्यवस्था २०१४ मध्ये संपूर्ण कोलोरॅडो राज्यात कायद्याने लागू झाली. डेन्व्हरमधील सुरुवातीच्या १७ इशाऱ्यांपैकी १३ प्रकरणांचा छडा लागला, हा आकडा त्या काळात कायद्याच्या समर्थनार्थ वारंवार मांडला गेला. त्या प्रकरणांत पोलिसांकडे मुळातच गाडीची बऱ्यापैकी माहिती होती, कारण माहिती असल्याखेरीज इशारा निघतच नव्हता. त्यामुळे १३ चे सगळे श्रेय एकट्या इशाऱ्याला देता येत नाही, हे ध्यानात ठेवून त्या आकड्याकडे पाहावे.

कॅलिफोर्नियाचा इतिहास आपल्याला अधिक शिकवणारा आहे. तेथील विधिमंडळाने असेच विधेयक २०१४ मध्ये संमत केले तेव्हा राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी ते परत पाठवले. आधीच निरनिराळ्या कारणांसाठी इशारे दिले जात असताना आणखी एकाची भर घातल्यास व्यवस्थेवर ताण येईल, ही त्यांची चिंता होती. पुढच्या वर्षी अटी घालून तेच विधेयक मंजूर झाले. अपघातात मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेली असावी, गाडीचा पूर्ण क्रमांक किंवा अर्धवट क्रमांकासह गाडीची कंपनी आणि रंग, अथवा संशयिताची ओळख पटलेली असावी, आणि माहिती प्रसारित केल्याने शोधाला खरोखर वेग येईल असे पोलिसांना वाटत असावे, अशा त्या अटी होत्या. शिवाय इशारा संपूर्ण राज्यात न देता ठरावीक भागापुरताच द्यायचा होता. मुदत घातलेला तो कायदा २०१९ च्या आरंभी संपला आणि २०२३ पासून नव्या कायद्याने तीच व्यवस्था ‘यलो अलर्ट’ या नावाने पुन्हा सुरू झाली.

आता आपल्याकडे पाहू. तांत्रिक साधन आपल्यापाशी आहे. २०२३ मध्ये अनेकांच्या मोबाइलवर मोठ्या कर्कश आवाजासह चाचणीचा संदेश आला होता, तो आपल्याला आठवत असेल. त्या पद्धतीत ठरावीक मोबाइल टॉवरच्या कक्षेतील सर्व फोनवर एकाच वेळी संदेश जातो आणि त्यासाठी कोणाचाही क्रमांक माहीत असावा लागत नाही. आपत्ती व्यवस्थापनासाठी उभारलेले हे साधन धडक देऊन पळालेल्या गाडीसाठी वापरावे, अशी मागणी मी ऐकली आहे. मुंबईपुरता तरी माझा तिला विरोध आहे. ‘राखाडी हॅचबॅक’ असे वर्णन असलेला कर्कश संदेश पहाटे पाच वाजता विक्रोळी, घाटकोपर, भांडुप येथील लाखो लोकांना उठवेल, त्यांच्यापैकी जवळपास कोणीही रस्त्यावर नसेल, आणि असे दोन-चार वेळा झाले की लोक फोनमधील ही सूचना बंद करून टाकतील. ज्या शहराने २६ जुलै २००५ अनुभवला आहे, तेथे मुसळधार पावसात मिठी नदीकाठच्या वस्तीला सावध करणारा संदेश याच मार्गाने यायचा आहे. त्या संदेशाची विश्वासार्हता अन्य कोणत्याही कामासाठी खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

त्याऐवजी इशारा दोन टप्प्यांत आणि दोन वेगळ्या गटांसाठी असावा. पहिला टप्पा धडकेनंतरच्या तासाभराचा. या वेळेत गाडी धावत असते आणि शहराबाहेर जाणारे रस्ते मोजके असतात: दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी हे जुने टोलनाके, त्यांखेरीज अटल सेतू आणि घोडबंदरकडे जाणारे रस्ते. ऑक्टोबर २०२४ पासून या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, त्यामुळे तेथे गाडी पूर्वीप्रमाणे थांबत नाही, हे तपासाच्या दृष्टीने लक्षात घ्यावे लागते. शहरात २०१६ पासून सुमारे दीड हजार ठिकाणी ४,७०० च्या आसपास सरकारी कॅमेरे बसले आणि त्यांतील काही क्रमांक वाचू शकतात, परंतु कॅमेऱ्याला काय शोधायचे हे कोणीतरी सांगावे लागते. म्हणून पहिला संदेश नियंत्रण कक्षातून नाकाबंदीवरील पोलीस, वाहतूक चौक्या, महामार्गावरील इलेक्ट्रॉनिक फलक, पेट्रोल पंप, बेस्टचे आगार आणि रात्रपाळीचे टॅक्सी-रिक्षाचालक यांना जावा. रात्री दोन वाजता रस्त्यावर कोण असते, तर हीच माणसे असतात. डेन्व्हरचा तो टॅक्सीचालक हा अपवाद नव्हता. आपल्याकडेही अनेक गाड्यांचे क्रमांक टॅक्सी, रिक्षा आणि दुधाच्या टेम्पोच्या चालकांनी दिलेले आहेत.

दुसरा टप्पा सकाळचा, आणि माझ्या मते खरा निकाल येथे लागतो. मुंबईत गाडी लपवायला जागा नाही. ती सोसायटीच्या आवारात, रस्त्याच्या कडेला किंवा एखाद्या गॅरेजमध्ये ठेवावी लागते. सोसायटीत ठेवली तर रात्री गेट उघडणारा वॉचमन तिची अवस्था पाहतो आणि सकाळी बादली आणि फडके घेऊन फिरणारा गाड्या धुणारा तिला प्रत्यक्ष हात लावतो. कोणत्या गाडीला काल ओरखडा नव्हता आणि आज आहे, हे त्याच्याइतके मालकालाही ठाऊक नसते. गॅरेजमध्ये नेली तर डेंटिंग-पेंटिंग करणारा कारागीर पाहतो. सुटा भाग हवा असेल तर ग्रँट रोडच्या बाजूची दुकाने किंवा कुर्ल्यातील सीएसटी रोडचा बाजार गाठावा लागतो. मालकाला दुरुस्तीचा खर्च विमा कंपनीकडून हवा असेल तर सर्व्हेअर गाडीची छायाचित्रे घेतो आणि दाव्याच्या अर्जात खांबाला किंवा भिंतीला धडक बसली असे कारण लिहिलेले असते. भिंतीला बसलेल्या धडकेत बॉनेटवर खोलगट पोचा आणि समोरच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा एकत्र सहसा येत नाहीत. पादचाऱ्याच्या अपघातात ते येतात, कारण पाय बंपरला लागतात आणि शरीर वर फेकले जाऊन डोके काचेवर आदळते. हे अनुभवी सर्व्हेअरला एका नजरेत कळते. त्याला फक्त कोणीतरी विचारलेले असायला हवे.

या माणसांपर्यंत नेमके वर्णन पोहोचवायचे तर आधी ते वर्णन तयार झाले पाहिजे, आणि ते साक्षीदाराच्या स्मरणापेक्षा रस्त्यावर पडलेल्या तुकड्यांतून अधिक चांगले तयार होते. फुटलेल्या आरशाच्या काळ्या प्लास्टिकच्या आवरणाची आतली बाजू पुसून पाहिली की कंपनीचे चिन्ह, पार्ट नंबर आणि बऱ्याचदा उत्पादनाचा महिना दाखवणारा छोटासा गोल शिक्का दिसतो. पार्ट नंबर अधिकृत विक्रेत्याला दाखवला की तो भाग कोणत्या मॉडेलचा, साधारण कोणत्या वर्षांतील गाडीचा आणि डाव्या बाजूचा की उजव्या बाजूचा, हे कळते. रंगाचा पापुद्रा कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवला की त्याचे थर मोजून गाडी पूर्वी कधी पुन्हा रंगवली होती का, हेही सांगता येते, मात्र त्या अहवालाला वेळ लागतो. पार्ट नंबरचे उत्तर मात्र विक्रेत्याचे दुकान उघडताच मिळते. साक्षीदाराला रंग विचारताना अधिकाऱ्याने स्वतः कोणताही रंग सुचवू नये. जेथे अजून पिवळे सोडियमचे दिवे आहेत तेथे पांढरी, चंदेरी आणि फिकट सोनेरी गाडी रात्री सारखीच दिसते, म्हणून अशा जागी संदेशात ‘फिकट रंगाची’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते.

आपल्या प्रकरणासारख्या घटनेत मी पुढीलप्रमाणे संदेश लिहिला असता: ‘आज पहाटे पाचच्या सुमारास विक्रोळी येथे पूर्व द्रुतगती महामार्गावर ठाण्याच्या दिशेने जाणाऱ्या फिकट रंगाच्या हॅचबॅकने पादचाऱ्यास गंभीर जखमी केले. डाव्या बाजूचा पुढचा दिवा फुटला आहे, डावा आरसा नाही. क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ४७ असण्याची शक्यता. अशी गाडी दिसल्यास अडवू नका, हात लावू नका, छायाचित्र इतरत्र पाठवू नका. ११२ वर कळवा. चालकाने कोणत्याही पोलीस ठाण्यात हजर व्हावे.’ संदेशाला क्रमांक असावा, तो केव्हा निघाला याची वेळ असावी आणि तो किती तासांनी आपोआप रद्द होतो हेही त्यातच असावे.

नमुन्यातील शेवटच्या पाच सूचनांविषयी मी आग्रही आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती आणि जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ज्या महाराष्ट्रात हे घडले तेथे ‘या गाडीने माणूस मारला’ असा संदेश सोडताना तो लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबला पाहिजे. एकसारख्या रंगाच्या आणि मॉडेलच्या शेकडो गाड्या शहरात आहेत. बनावट क्रमांकाच्या पाट्याही आहेत. कधी न गेलेल्या रस्त्यावरील दंडाचे ई-चलन घरी आलेले वाहनमालक आपल्या ओळखीत असतील. म्हणून संदेशात मालकाचे नाव आणि पत्ता कधीही नसावा, पूर्ण क्रमांकसुद्धा खात्री झाल्यावरच असावा, आणि गाडी सापडली किंवा माहिती चुकीची निघाली तर रद्दीकरणाचा संदेश त्याच सर्व माणसांना, तितक्याच ठळकपणे गेला पाहिजे. संदेश काढण्याचा अधिकार एकाच ठिकाणी, नियंत्रण कक्षातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असावा. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपापल्या परीने मोबाइल गटांवर मजकूर सोडणे ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

चालकाला हजर होण्याची वाट मोकळी ठेवण्यामागेही कायद्याचा आधार आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकाला जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्यास बांधील करते, पण जमावाच्या क्षोभामुळे थांबणे शक्य नसेल तर त्याची दखलही घेते आणि अशा वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत, माहिती देण्यास सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या पोटकलमात मृत्यू घडवून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. जानेवारी २०२४ मध्ये मालवाहू वाहनांच्या चालकांनी तिच्या विरोधात संप केला आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते एक पोटकलम वगळूनच ती लागू झाली. त्या संपातील चालकांची जमावाची भीती खोटी नव्हती. घाबरून पळालेल्या माणसाला दोन तासांत पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावणे, हेसुद्धा चांगल्या इशाऱ्याचे काम आहे, आणि आपला शोध सुरू झाला आहे हे कळल्यावर कुटुंबीयांच्या आग्रहाने हजर झालेले चालक मी पाहिलेले आहेत.

जनतेला पाठवायच्या संदेशात संशयित माणसाचे छायाचित्र असू नये, यामागे तपासाचे कारण आहे. पुढे आरोपी पकडला गेल्यावर साक्षीदारांकडून त्याची ओळख परेड घ्यावी लागते. छायाचित्र आधीच सर्वांच्या फोनवर फिरलेले असेल तर बचाव पक्षाचा वकील न्यायालयात एकच प्रश्न विचारतो: साक्षीदाराने आरोपीला रस्त्यावर पाहिले म्हणून ओळखले की फोनवर पाहिले म्हणून? या प्रश्नापुढे चांगली साक्ष कोसळते. गाडीचे वर्णन प्रसारित केल्याने असे नुकसान होत नाही.

येथे एक कठीण गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. इशारा गाडी शोधून देतो, चालक शोधून देत नाही. वरळीत ७ जुलै २०२४ च्या पहाटे मासळी घेऊन घरी निघालेल्या दांपत्याच्या दुचाकीला एका आलिशान मोटारीने धडक दिली आणि त्यातील महिलेला फरफटत नेले, त्या प्रकरणात गाडी त्याच दिवशी वांद्र्यात सापडली, परंतु आरोपीला अटक व्हायला ९ जुलै उजाडला. सामान्य प्रकरणांत याहून वेगळी अडचण येते: गाडी सापडताच मालकाच्या पदरी असलेला पगारी चालक ‘गाडी मीच चालवत होतो’ असे सांगत पुढे येतो. कलम १३३ नुसार गाडी कोण चालवत होते हे सांगणे मालकावर बंधनकारक आहे, पण तो खरेच सांगेल याची हमी कलम देत नाही. म्हणून गाडी मिळताक्षणी ती तशीच सील करून आसन किती पुढे-मागे आहे याची नोंद घेणे, स्टिअरिंगवरील आणि उघडलेल्या एअरबॅगवरील नमुने घेणे, सोसायटीच्या गेटवरील चित्रणात गाडीतून उतरणारा कोण दिसतो ते पाहणे आणि ‘मीच’ म्हणणाऱ्याच्या फोनचे त्या वेळचे ठिकाण तपासणे, ही कामे लगेच व्हावी लागतात. संदेशात ‘हात लावू नका’ लिहायचे ते याचसाठी. चार उत्साही माणसांनी दार उघडून आत वाकून पाहिले तर एअरबॅगवरचा पुरावा संशयास्पद होतो.

माहिती देणाऱ्याच्या भीतीविषयीही लिहिले पाहिजे. ज्या वॉचमनची नोकरी त्या सोसायटीवर अवलंबून आहे तो तेथील सदस्याच्या गाडीविषयी पोलिसांना सहजासहजी फोन करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ च्या निकालाने आणि त्यानंतर संसदेने २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४-अ ने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मात्र ते संरक्षण घटनास्थळी मदतीला धावणाऱ्यासाठी आहे, दुसऱ्या दिवशी गाडी पाहून फोन करणाऱ्यासाठी नाही. इशाऱ्याची व्यवस्था करायची असेल तर या दुसऱ्या माणसाचे नाव गुप्त ठेवण्याची लेखी हमी नियमातच हवी. त्याचा फोन आल्यावर पोलीस स्वतः जाऊन गाडी पाहतात आणि पंचनामा करतात, त्यामुळे खटल्यात त्याला उभे करण्याची गरज बहुतेक वेळा पडतही नाही. बक्षिसापेक्षा या हमीचा उपयोग अधिक होतो, असा माझा अनुभव आहे.

आता आपण स्वतः काय करावे. घटनास्थळापासून ठाण्याच्या दिशेने महामार्गाला लागून असलेली दुकाने, पेट्रोल पंप, सोसायट्या आणि कंपन्यांची गेटे आजच चालत पाहा आणि जेथे कॅमेरा रस्त्याकडे वळलेला आहे त्या प्रत्येकाला लेखी विनंती द्या, की अमुक तारखेचे अमुक वेळेचे चित्रण पुसू नये. पत्राची एक प्रत तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. चित्रण स्वतःच्या फोनवर उतरवून घेण्यावर समाधान मानू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ रेकॉर्डरवरून पोलिसांनीच ते ताब्यात घेतलेले बरे. घड्याळ बिघडलेल्या कॅमेऱ्यांची प्रत्यक्ष वेळेशी किती मिनिटांची तफावत आहे, तेही पत्रात लिहा. कॅमेरा सात मिनिटे मागे असेल आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर तपास चुकीच्या गाडीच्या मागे जातो. मेहुण्यांचे त्या वेळचे कपडे धुऊ नका. त्यांवर रंगाचे कण आणि काचेचा चुरा असू शकतो. ते कागदात गुंडाळून पोलिसांकडे द्या, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका.

आपण स्वतः मोबाइल गटांवर संदेश पाठवू इच्छिता, असेही लिहिले आहे. पाठवायचा असल्यास तो तपास अधिकाऱ्याला दाखवून, वर दिलेल्या नमुन्यातील मर्यादा पाळून आणि संपर्कासाठी ११२ देऊन पाठवा. स्वतःचा क्रमांक दिलात तर पैसे मागणारे आणि खोटी माहिती देणारे फोन सुरू होतात, आणि खऱ्या माहितीची नोंदही पोलीस ठाण्यात वेळेवर होत नाही. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतच्या गॅरेजवाल्यांना आणि गाड्या धुणाऱ्यांना मात्र आपण प्रत्यक्ष जाऊन भेटावे. मोबाइलवरचा मजकूर ते वाचतीलच असे नाही. समोर उभ्या असलेल्या घरच्या माणसाचे ते ऐकतात.

गाडी सापडलीच नाही तरी भरपाईचा मार्ग बंद होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालील योजनेत १ एप्रिल २०२२ पासून अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये मिळतात. त्यापूर्वी या रकमा २५ हजार आणि १२,५०० होत्या. गंभीर दुखापतीचा अर्ज मेहुण्यांच्या नावाने, गुन्ह्याची प्रत आणि रुग्णालयाची कागदपत्रे जोडून महसूल विभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावा लागतो, आणि हा अधिकारी आपल्या विभागात कोण आहे ते उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार कार्यालयात विचारल्यास कळते. पुढे गाडी आणि तिची विमा कंपनी मिळाली, तर मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे पूर्ण भरपाईसाठी जाता येते; तेथे मिळालेल्या रकमेतून या योजनेचे पैसे परत करावे लागतात, एवढेच. प्राधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची केली आहे. त्यामुळे तपास पूर्ण होण्याची वाट न पाहता, अपघाताच्या तारखेपासून मोजून पाचव्या महिन्याच्या आत वकिलाला गाठा आणि त्या दिवशीपर्यंत तपासात जे काही हाती आले असेल त्याच्या प्रती सोबत न्या.